घड्याळ कुठल्या हातात? सवय, संकेत आणि सिद्धतेचा भार



मागच्या खेपेला आपण नियम आणि नीती यांतल्या फरकाबद्दल बोललो. त्यानंतर काही श्रोत्यांनी प्रश्न पाठवले. त्यांतला एक मी मुद्दाम आजच्यासाठी बाजूला ठेवला होता. वरवर पाहिलं तर प्रश्न अगदी क्षुल्लक आहे. घड्याळ कुठल्या हातात बांधावं, एवढाच. महाराष्ट्रात हात आणि घड्याळ हे दोन शब्द एका वाक्यात आले की लोक लगेच कान टवकारतात, तेव्हा आधीच सांगून टाकतो की आज मी खऱ्या हाताबद्दल आणि खऱ्या घड्याळाबद्दल बोलणार आहे. (हशा)

प्रश्न एका तरुण मुलीचा आहे. नाव सांगत नाही. ती नोकरी करते आणि जन्मापासून डावखुरी आहे. दोन-तीन वर्षं पैसे साठवून तिने एक महागडं स्विस घड्याळ घेतलं. सगळी कामं डाव्या हाताने करते, म्हणून घड्याळ उजव्या मनगटावर. एका लग्नात तिचे मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "उलट्या हातात घातलंयस ते लोकांच्या नजरेत भरावं म्हणूनच ना?" सगळे हसले. तीही हसली. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ती लिहिते, "सर, आधीचं साधं घड्याळ मी दहा वर्षं याच हातात बांधत होते. तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. आता मलाच कळेनासं झालंय, मी खरंच दाखवते आहे का?"

आता बघा, या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक हाताचा आणि एक किमतीचा. मामांनी त्यांची गाठ मारली आणि ती मुलगी त्या गाठीत अडकली. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काम फार मोठं नसतं. तो गाठी सोडवत बसतो. ही सुटते का पाहू.

डावं मनगट ठरलं कसं?

आधी इतिहास. मनगटावर घड्याळ बांधणं हे मुळात पुरुषांचं कामच नव्हतं. पुरुषाचं घड्याळ खिशात, साखळीला. मनगटावर घड्याळ म्हणजे दागिना. नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिने १८१० मध्ये ब्रेगे या घड्याळजीकडे मनगटावर बांधायच्या घड्याळाची मागणी नोंदवली, ही अशा घड्याळांच्या पहिल्या नोंदींपैकी एक. पुढचं जवळजवळ शतकभर मनगटी घड्याळ बायकांच्या हातातलं कंकणच राहिलं. आपल्याकडे "हातात बांगड्या भरल्यात का?" असं ज्या सुरात विचारतात ना, साधारण तोच सूर तिकडे मनगटी घड्याळ बांधणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला यायचा.

हे बदललं ते सोयीमुळे आणि युद्धामुळे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात सैनिकांनी खिशातली घड्याळं चामड्याच्या पट्ट्यात बसवून मनगटाला बांधली. १९०४ मध्ये लुई कार्तिए यांनी त्यांचे वैमानिक मित्र सान्तोस-द्युमों यांच्यासाठी मनगटी घड्याळ तयार केलं, कारण विमान चालवताना दोन्ही हात गुंतलेले, खिशात हात घालणार कधी? आणि मग पहिलं महायुद्ध. तोफांचा मारा ठरल्या मिनिटाला पुढे सरकायचा, पायदळाने त्याच्यामागून निघायचं. खंदकात उभं राहून कोटाची बटणं सोडून साखळी ओढत बसायला सवड कुणाला होती? युद्ध संपलं तेव्हा मनगटी घड्याळ बायकी राहिलं नव्हतं. उलट मर्दानी झालं होतं. वस्तू तीच, मनगट तेच. अर्थ मात्र काही वर्षांत उलटला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग डावंच मनगट का? कारणं साधी आहेत. बहुतेक माणसं उजव्या हाताने काम करतात. कामाचा हात आपटतो, घासतो, ओला होतो. नाजूक यंत्र त्या हातावर नको. दुसरं कारण चावीचं. त्या काळात घड्याळाला रोज चावी द्यावी लागे. चावी द्यायची बारीक गुंडी, घड्याळजी जिला क्राउन म्हणतात, ती तबकडीच्या उजव्या अंगाला, तीनच्या आकड्याशी. घड्याळ डाव्या मनगटावर असेल तर ती गुंडी बोटांच्या दिशेला येते आणि उजव्या हाताच्या चिमटीत बरोबर सापडते. तेच घड्याळ उजव्या मनगटावर बांधून पाहा. गुंडी कोपराच्या दिशेला जाते आणि डावा हात वळवून तिच्याशी झटापट करावी लागते.

म्हणजे डावं मनगट हा काही शास्त्रार्थ नव्हता, कुणी फतवाही काढला नव्हता. हात, गुंडी आणि रोजची चावी यांनी मिळून केलेली ती एक तडजोड होती.

कारण गेलं, सवय राहिली

पुढे या कारणांचं काय झालं? हाताच्या हालचालीने स्वतःच चावी घेणारी घड्याळं आली. रोलेक्सने १९३१ मध्ये आपलं असं घड्याळ बाजारात आणलं. मग २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सैको कंपनीने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं. त्यात बॅटरी, चावीचा प्रश्नच संपला. आज तुमच्यापैकी किती जण रोज घड्याळाला चावी देतात? एकही हात वर नाही. म्हणजे चावीचं कारण जवळजवळ वारलं.

पण दुसरं कारण जिवंत आहे. कामाचा हात आपटतो, हे आजही खरं. आणि गंमत अशी, की घड्याळ जितकं महाग तितकं हे कारण बळकट होतं. सोनं पोलादापेक्षा मऊ. त्यावर चरा पडला की जिवाला लागतो.

आता त्या मुलीकडे वळू. ती डावखुरी. तिचा कामाचा हात डावा. महागडं घड्याळ कामाच्या हातावर नको, हा नियम तिने पाळला तर घड्याळ कुठे जाईल? उजव्या मनगटावर. कारण तेच, निष्कर्ष उलटा. मला इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यायची आहे. मूळ नियम "डाव्या हातात घड्याळ बांधा" असा कधी नव्हताच. तो होता "कामाचा हात मोकळा ठेवा". बहुसंख्यांच्या बाबतीत दोन्ही वाक्यांचा परिणाम एकच येतो, म्हणून आपण त्यांची अदलाबदल केली. त्या मुलीने नियम पाळला. मामांनी नियमाचा फक्त बाह्याकार पाळला. आणि ज्याने बाह्याकार पाळला तो, ज्याने नियम पाळला त्याला विचारतो आहे, "तू नियम का मोडलास?"

हे फक्त घड्याळापुरतं आहे असं समजू नका. आपल्या कित्येक रूढींचा जन्मदाखला असाच असतो. कारण मरतं, आकार उरतो आणि आकाराचे रखवालदार वाढतात.

उदाहरण म्हणून राफाएल नदाल घ्या. तो लिहितो उजव्या हाताने, टेनिस खेळायचा डाव्या हाताने. २०१० पासून तो कोर्टवर रिशार मिल कंपनीचं घड्याळ बांधून उतरू लागला. सामान्य माणसाला घरादाराच्या किमतीचं वाटेल असं घड्याळ, पण पट्ट्यासकट वीस ग्रॅमच्या आत. ते कुठल्या मनगटावर? उजव्या. कारण रॅकेट डाव्या हातात. नदाल लिहायला बसला तर याच नियमाने ते डाव्या मनगटावर गेलं पाहिजे. म्हणजे "उलटा हात" हा माणसाला कायमचा चिकटलेला नसतो. तो कामागणिक बदलतो. आपल्या सचिनचंच बघा ना, बॅट उजव्या हाताने आणि सही डाव्या हाताने. त्याचा उलटा हात कुठला?

कांटचे हातमोजे आणि डावखुऱ्यांची घड्याळं

घड्याळ बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न पडलेला आहे. ज्यांची गुंडी डाव्या अंगाला आहे अशी घड्याळं मिळतात. २०१६ मध्ये ट्यूडरने असं एक काढलं. २०२२ मध्ये रोलेक्सने जीएमटी-मास्टरचा हिरव्या-काळ्या कड्याचा नमुना आणला, त्याची गुंडी नऊच्या आकड्याशी आणि तारखेची खिडकीही तिकडेच. उजव्या मनगटावर बांधलं की गुंडी बोटांच्या दिशेला येते, हवी तिथे.

पण प्रत्येक डावी गुंडी डावखुऱ्यांसाठी असते असंही नाही. १९६९ च्या ह्यूअर मोनॅकोची गुंडी डावीकडे होती. हे आपोआप चावी घेणारं घड्याळ आहे, गुंडीला हात लावायची गरज नाही, हे ग्राहकाला दिसावं अशी त्यामागची कल्पना होती. एकच खूण, दोन वेगळे अर्थ.

इथे मला कांटची आठवण होते. १७६८ मधल्या एका छोट्या निबंधात कांटने डाव्या-उजव्या हाताचं कोडं मांडलं. दोन्ही हातांची मापं सारखी, बोटांची रचना सारखी, बोटाबोटांमधली अंतरं सारखी. शब्दांत वर्णन केलं तर फरक सापडणार नाही. तरी उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात जात नाही. म्हणजे डावं-उजवं हे वस्तूच्या अंतर्गत रचनेतून निघत नाही, ते अवकाशाशी असलेल्या नात्यातून येतं, असं त्याला म्हणायचं होतं.

डावखुऱ्यांच्या घड्याळाला हे लावून पाहा. कंपनीने गुंडी डावीकडे नेली, तारीख नेली. काट्यांचं काय? काटे तसेच, नेहमीच्याच दिशेने फिरणारे. खऱ्या अर्थाने आरशातलं प्रतिबिंब करायचं तर काटे उलटे फिरायला हवेत. ते सहसा कुणी करत नाही, कारण गुंडी ही एका माणसाच्या बोटांची बाब आहे. काट्यांची दिशा मात्र सगळ्यांनी मिळून वाचायची भाषा आहे. उत्तर गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली ज्या दिशेने सरकते तीच दिशा यांत्रिक घड्याळांनी उचलली आणि जगभर तीच राहिली.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. डेव्हिड लुइस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६९ मध्येच संकेतांवर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: संकेत म्हणजे अशी नियमितता, जी मी पाळतो कारण तुम्ही पाळता आणि तुम्ही पाळता कारण मी पाळतो, आणि ती जुळली तर दोघांचंही भलं होतं. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवणं हा संकेत. मी उद्या उजवीकडून चालवायला लागलो तर तुमचा जीव जाईल. तुम्हाला जाब विचारायचा पूर्ण हक्क आहे. काट्यांची दिशा हाही संकेत.

पण मी घड्याळ कुठल्या मनगटावर बांधतो याने तुमची गाडी कुठे आदळते? मनगट हा लुइसच्या अर्थाने संकेतच नाही. ती नुसती बहुसंख्यांची सवय आहे. संकेत मोडणाऱ्याकडे कारण मागता येतं. सवय वेगळी असणाऱ्याकडे मागता येत नाही. मागायचंच असेल तर दोघांकडेही मागा. मामांना विचारा, "तुम्ही डाव्या हातात का बांधता?" ते म्हणतील, "सगळे बांधतात." न्यायालयात ज्याला सिद्धतेचा भार म्हणतात, तो आपण नेहमी अल्पसंख्याच्या खांद्यावर टाकतो. बहुसंख्य असणं हेच जणू पुरेसं कारण!

डावं आणि उजवं

हे इतकं सहज का घडतं? आपली भाषा ऐका. एक गोष्ट दुसरीपेक्षा सरस असेल तर आपण तिला "उजवी" म्हणतो. कुणाला बाजूला सारलं तर त्याला "डावललं". पक्षपात करू नको म्हणायचं तर "डावं-उजवं करू नकोस". म्हणजे भाषेत डाव्याला आपण आधीच डावलून बसलोय. रॉबेर हर्त्झ या फ्रेंच अभ्यासकाने १९०९ मध्ये उजव्या हाताच्या श्रेष्ठत्वावर निबंध लिहिला. दोन हातांत शरीराने ठेवलेला फरक थोडा असतो, समाज त्यावर शुभ-अशुभाची सगळी इमारत चढवतो, हा त्याचा मुद्दा. प्लेटोने तर 'लॉज'च्या सातव्या पुस्तकात थेट म्हटलंय की दोन्ही हात निसर्गतः जवळजवळ सारखेच सक्षम असतात, आया आणि दाया यांच्या अडाणीपणामुळे आपण एका हाताने पंगू होतो.

पण अर्थ बाजूला चिकटलेला नसतो, हे सांगणारं उदाहरण आपल्याच घरात आहे. गणपती. घरोघरी डाव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा म्हटला की लगेच सोवळं कडक, नियम कडक. प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा. इथे दबदबा उजव्या बाजूचा का? कारण इथे उजवी बाजू दुर्मीळ आहे. जे नेहमीचं नाही त्यात आपण अर्थ शोधतो. रशियाचे अध्यक्ष पुतिन लिहितात उजव्या हाताने आणि घड्याळही उजव्याच मनगटावर बांधतात. त्यावरून लोकांनी त्यांचा स्वभाव, राजकारण, काय काय काढलं. डाव्या मनगटावर बांधणाऱ्या शेकडो राष्ट्रप्रमुखांच्या मनगटावरून कुणी काही काढत नाही.

आता एक कबुली देतो. व्याख्यानात घरच्या गोष्टी सांगाव्यात की नाही, मला शंका असते. पण ही न सांगता पुढे गेलो तर ते अप्रामाणिक होईल.

माझा मुलगा डावखुरा. तो चार-पाच वर्षांचा असताना पाटीवर डाव्या हाताने गिरवायचा. मी त्याच्या हातातून पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायचो. रोज. मारलं नाही कधी, पण पेन्सिल मात्र न चुकता काढली. "शाळेत त्रास होईल" हे माझं कारण. त्याच वर्षी मी वर्गात प्लेटोचा तो उतारा शिकवत होतो. दुपारी आया-दायांचा अडाणीपणा समजावून सांगायचा आणि संध्याकाळी घरी येऊन तोच करायचा. मला त्यात विसंगती दिसली नाही. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट असलेल्या माणसाला दिसली नाही, हे नोंदवून ठेवा.

तो लिहायला उजव्या हाताने शिकला. अक्षर आजही वाईट आहे. बाकी सगळं डाव्या हाताने करतो आणि घड्याळ उजव्या मनगटावर बांधतो. काही वर्षांपूर्वी मी सहज विचारलं, "अरे, लिहितोस त्याच हातात घड्याळ? अडत नाही का?" तो म्हणाला, "बाबा, हा हात तुम्ही लिहिण्यासाठी नेमून दिलात. बाकीची कामं करणारा हात माझा आहे. तो मोकळा लागतो मला." रागाने नाही म्हणाला. चहा पिता पिता म्हणाला. पण मला त्यावर काही बोलता आलं नाही. म्हणून मामांना मी फार दोष देत नाही. मी स्वतः मामा होऊन बसलो होतो.

उरला किमतीचा प्रश्न

हाताची गाठ सुटली असं मी धरतो. आता दुसरी. "मी दाखवते आहे का?"

थॉर्स्टिन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये लिहून ठेवलंय की अनेक महागड्या वस्तूंचं खरं काम त्यांच्या उपयोगात नसतं, आपली ऐपत इतरांना दिसावी हे असतं. वेळ आज खिशातला फोन सांगतो, आणि तोही जास्त अचूक. तेव्हा लाखांचं घड्याळ वेळेसाठी घेतलं असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावीन, पण विश्वास ठेवणार नाही. इटलीचे उद्योगपती जान्नी अन्येल्ली तर घड्याळ शर्टाच्या बाहीवरून बांधत. काही लपवायचं नाही असा सरळ मामला!

पण मग काहीच न बोलणारं घड्याळ असतं का? गांधीजींनी मनगटाचा प्रश्नच मिटवला होता. त्यांचं साधं इंगरसोल घड्याळ कमरेला लटकायचं. आणि हा माणूस १९०९ मध्ये बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिताना उजवा हात दमला की डाव्या हाताने लिहायचा, म्हणजे हाताचाही प्रश्न नाही. तरी ते स्वस्त घड्याळ मुकं होतं का? मुळीच नाही. साधेपणही दिसतं आणि दिसण्यावाचून राहत नाही. दिसणं आपल्या हातात नाही. हेतू काही अंशी आपल्या हातात आहे.

तो हेतू तपासायला दोन साधे प्रश्न सुचवतो. पहिला: घरात एकट्याच असताना, बघायला कुणी नसताना, घड्याळ कुठल्या हातात बांधता? दुसरा: हेच घड्याळ स्वस्त असतं तर हात बदलला असता का? या मुलीने दुसऱ्याचं उत्तर न विचारताच दिलंय. दहा वर्षं साधं घड्याळ याच मनगटावर होतं. म्हणजे हात तिने घड्याळासाठी निवडलेला नाही. नजर बदलली ती किमतीमुळे, आणि बदलली ती बघणाऱ्यांची.

तेव्हा मुली, हाताबद्दल तू कुणाला उत्तर देणं लागत नाहीस. मामांनाही नाही. किमतीबद्दल मात्र स्वतःला जरूर विचार. तो प्रश्न खरा आहे आणि तो घड्याळ डाव्या हातात बांधलं तरी तितकाच खरा राहील. लोक हसले म्हणून घड्याळ दुसऱ्या हातात नेलंस, तर मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ते तू लोकांसाठी बांधलेलं असेल.

बाकीच्यांसाठी एक छोटा गृहपाठ. आज रात्री घड्याळ दुसऱ्या मनगटावर बांधून झोपेपर्यंत राहा. ते टोचेल, जड वाटेल, वेळ बघायला चुकीचा हात वर जाईल. ती अस्वस्थता लक्षात ठेवा. दहातल्या एका माणसाला आपण लहानपणापासून हीच अस्वस्थता निमूट सोसायला लावतो आणि वर विचारतो, "तू उलटा का?"

इथे थांबतो.